पर्सेलचा पेपर

व्हिएतनाम, ३ सप्टेंबर १९६७

सार्जंट आमोस मोझली यांस,

पाकिटावर हुद्द्यासकट नाव लिहिलंय, म्हणजे तुझ्या भरती केंद्रातल्या टपालवाल्याला कळेल की पत्र मोठ्या माणसाला आलंय. आत मात्र सख्ख्या भावाला 'तुम्ही' म्हणणं मला जमणार नाही. सात महिने आपण एकमेकांशी बोललो नाही. अजून सात वर्षं बोललो नसतो तरी माझं काही अडलं नसतं. पण काम पडलंय, आणि ते माझं नाही.

पर्सेल बिव्हन्स तुला आठवत असेल. ल्यूअलनच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा, चर्चमध्ये सगळ्यांत मागच्या बाकावर बसायचा आणि सगळ्यांच्या वर आवाज लावायचा. तो माझ्याच कंपनीत आहे. गेल्या मंगळवारी त्याची तुकडी गस्तीवर निघाली. पर्सेल सगळ्यांत पुढे होता. नेहमीच असतो. वाटेत आपल्याच लोकांनी पाटी लावलेली होती. खोक्याच्या झाकणावर नुसती अक्षरं: पुढे सुरुंग आहेत, डावीकडून जा. कवटी काढायला कुणाला वेळ झाला नव्हता. पर्सेल पाटीला वळसा घालून सरळ गेला. त्याला काही झालं नाही. मागून डेल स्कॉगिन्स नावाचा गोरा शिपाई गेला, त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला.

या स्कॉगिन्सने खाटेवर जुना बंडखोरांचा झेंडा लावलाय. आपल्या पणजोबांना बाजारात विकणारे ज्या झेंड्याखाली लढले, तोच. त्यावरून महिन्यापूर्वी पर्सेलशी त्याची जुंपली होती. झालं! कॅप्टन हॉलिस्टरने दोन आणि दोन पाच केले. म्हणे, या काळ्याने पाटी वाचली, आणि सूड म्हणून गोऱ्या पोराला मुद्दाम सुरुंगात नेलं. पर्सेलला माल वाहायच्या लोखंडी खोक्यात कोंडलंय. वर चार भोकं, आत भट्टी. २० ऑक्टोबरला चौकशी आहे. गुन्हा शाबीत झाला तर पाच वर्षं सक्तमजुरी. अर्लीनला, त्याच्या बायकोला, सहावा महिना लागलाय.

आणि पर्सेल काय म्हणतो? कॅप्टनने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वाचली होती साहेब. लक्ष नव्हतं."

आमोस, त्याला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. ते तो चित्रासारखं काढतो. हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. ९ फेब्रुवारीला भरती केंद्राच्या त्या खोलीत सैन्यभरतीच्या परीक्षेचे शंभर प्रश्नांचे कागद तू स्वतःच्या हाताने वाटलेस. पर्सेलच्या कागदावर खुणा कशा झाल्या ते तू पाहिलंस आणि तोंड खिडकीकडे फिरवलंस. तेवढंच शपथेवर लिहून पाठव. एक पान पुरे. परीक्षा खोटी होती हे ठरलं, की तो सैन्यात यायलाच नको होता हे ठरतं. ज्याला अक्षर कळत नाही त्याने पाटी मुद्दाम ओलांडली, असं मग कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही.

तुझ्या बाहीवरच्या पट्ट्या जातील, मला कल्पना आहे. सतरा वर्षं त्या मिळवायला गेली हेही माहीत आहे. पट्ट्या कापडाच्या असतात.

हायरम


२४ सप्टेंबर १९६७

आमोस,

टपालाला इकडून तिकडे चार दिवस लागतात आणि तिकडून इकडे चार. बाकीचे तेरा दिवस तुझे. तुझ्याकडून काहीच आलं नाही. आईचा केक आला, त्याचा वाटेत भुगा झालेला. तिच्या चिठ्ठीत आहे की आमोस दोन रविवार चर्चला आला नाही. आजारी नाही, नुसता घरी बसून असतो. बस. बसायची तुला सवय आहे.

मी परवा स्कॉगिन्सला भेटलो. त्याला जपानच्या मोठ्या इस्पितळात हलवणार होते, त्याआधी त्याची जबानी टाइप करून आणायला कॅप्टनने मला, कंपनीच्या कारकुनाला, पाठवलं. जबानी कशी हवी तेही सांगून पाठवलं. खाटेशेजारी बसलो तर तो म्हणाला, "या कारकून. काळ्या मित्राला सोडवायला आलात की फासावर द्यायला?" मी म्हणालो, तू सांगशील ते लिहायला.

हा माणूस केंटकीच्या डोंगरातला. बाप कोळशाच्या खाणीत खोकून खोकून मेला, घरात सात भावंडं. त्याच्या अंगात माज आहे आणि खिशात काही नाही. शेवटी पायाच्या पांघरुणाकडे बघत म्हणाला, "लिही, पाटी नव्हतीच."

मी म्हणालो, पाटी होती, मी स्वतः पाहिलीय, कॅप्टनच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवलीय.

"मग मला दिसली नाही असं लिही."

"तिच्यापासून दोन हातांवरून गेलास तू."

त्याने माझ्या मनगटाला धरलं. म्हणाला, "हे बघ, मलाही नाही येत. कळलं? मला वाटलं ते पुढे कुठल्यातरी कंपनीचं नाव असेल. हे कागदावर आणलंस तर परत येऊन तुझा गळा धरीन, लंगडत का होईना."

असं आहे, आमोस. काळा पुढे आणि गोरा मागे, दोघांनाही सरकारने बंदूक दिली आणि दोघांनाही पाटी वाचता येत नव्हती. एक तुरुंगात जाईल पण कबूल करणार नाही, दुसरा पाय देईल पण कबूल करणार नाही. आणि आपसात भांडण कशावरून? झेंड्यावरून! त्या झेंड्यानेही स्कॉगिन्सच्या आज्याला कधी शाळेत घातलं नव्हतं. मी लिहिलं, 'साक्षीदाराला नक्की आठवत नाही.' त्याने खाली फुली मारली. कॅप्टनने जबानी वाचून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सुरुंग मीच पेरला होता.

तू म्हणशील, हायरम पुन्हा भाषणाला उभा राहिला. राहतो. या कंपनीत डॉक्टरचा, वकिलाचा, कारखानदाराचा मुलगा म्हणून एकही शिपाई नाही. सगळ्यांच्या बापाचा धंदा माझ्या टाइपरायटरखालून जातो, म्हणून ठामपणे सांगतो. नऊ तुकड्या आहेत, त्यांतल्या सात तुकड्यांत सगळ्यांत पुढे चालणारा माणूस काळा आहे. कॅप्टन म्हणतो, तुम्हा लोकांना रानाची उपजत जाण असते. आईचं दुसरं पानही वाचलं. ल्यूअलनच्या प्रेंटिसला डॉक्टरने पाठीचा दाखला दिला, तो काही युद्धाला येणार नाही. शनिवारी मात्र तो विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळला आणि आख्खं गाव रेडिओला कान लावून बसलं होतं. प्रेंटिसचा बाप आपल्या भरती मंडळावर आहे. मी चर्चच्या मागच्या खोलीत मतदारांचे वर्ग सुरू केले, त्यानंतर पाचव्या आठवड्यात मला बोलावणं आलं. त्यांना माझी पाठ ताठ दिसली असणार.

चौकशीला सव्वीस दिवस उरलेत. एक पान, आमोस.

हायरम


९ ऑक्टोबर १९६७

आमोस,

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पाकीट आणि आत एकच ओळ: 'हात कुणाचा होता, तेही लिहू का?'

दोन दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. कॅप्टनचे तक्ते टाइप करताना सतरा चुका केल्या. माझ्या रागाला इतके दिवस एकच बरं वाटत होतं, की तू गप्प आहेस. तू बोललास आणि माझं बोलणं संपलं.

हात माझा होता.

तुला ते माहीत आहे. पण मी ते कधी कुणापुढे शब्दांत मांडलेलं नाही, स्वतःपुढेही नाही, म्हणून मांडतो. पर्सेल माझ्या डाव्या हाताला बसला होता. कागद त्याच्यापुढे आला तसा त्याच्या मानेवर घाम दिसायला लागला. मी माझे प्रश्न संपवले, त्याचा कागद ओढून घेतला आणि खुणा करत सुटलो. सगळ्या बरोबर केल्या नाहीत, संशय येऊ नये म्हणून. एकेचाळीस बरोबर, बाकी चूक. मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं मला! तेवढ्यात तू दोन रांगा ओलांडून आलास, पाहिलंस, आणि वळलास.

का केलं? माझ्याइतकं हे कुणाला कळावं? आपल्या आईला मतदार नोंदणीच्या खिडकीवर तीन वेळा नापास केलं होतं. राज्यघटनेचं एक कलम उतरवायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. आई शाळा शिकवत होती आणि खिडकीतला तो इसम स्वतः सहावी नापास होता. चौथ्यांदा ती गेलीच नाही. त्या दिवशी मी ठरवलं की या गावातला काळा माणूस गोऱ्याच्या परीक्षेत पुन्हा नापास होणार नाही. वर्गात फळ्यावर मी हेच लिहीत असे. शेजारच्याला अडलं तर हळूच सांगा, ही लबाडी नाही, हा धर्म आहे, असं मी शिकवलं. आपण सगळ्यांनी हाडामांसात भिनवून घेतलं, की कागद पुढे आला की पास व्हायचं. कागद कसला आहे हे विचारायचंच नाही.

आणि आयुष्यात एकदा असा कागद आला, की ज्यात नापास होणं म्हणजे जिवंत घरी जाणं होतं. गोऱ्यांची शिकलेली मुलं त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या दारात रांग लावून पाठीत, गुडघ्यात, डोळ्यांत नापास होत होती. आणि मी, गावातला सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचलेला मूर्ख, पर्सेल बिव्हन्सला अभिमानाने पास करत होतो.

दुसरंही मांडतो. बाकीच्यांना बंदुकीकडे पाठवलं आणि मला टाइपरायटरकडे, हे माझ्या टायपिंगमुळे झालं असं मी आईला लिहिलं होतं. मला पहिल्याच दिवशी इथल्या मुख्य सार्जंटने सांगितलं, की तुझ्या भावाचा निरोप आला होता, कोरियाच्या युद्धात आम्ही एकाच खंदकात होतो. मी त्याला बाणेदारपणे नकार देऊ शकलो असतो. दिला नाही. खुर्ची घेतली, आणि खुर्चीत बसून तुझ्यावर चिडलो. कोण पुढे चालणार याचा तक्ता रोज सकाळी मीच टाइप करतो. 'बिव्हन्स' हे नाव पहिल्या ओळीत माझ्या बोटांनी एकवीस वेळा आलंय.

म्हणून आता वेगळं मागतो. लिही. हात माझा होता तेही लिही. खोटी परीक्षा दिल्याबद्दल मला तुरुंग होईल, तुला घरी बसवतील. अर्लीनचा नवरा सुटेल. आपल्या दोघांच्या वाट्याचं आपण घेऊ.

हायरम


२२ ऑक्टोबर १९६७

दादा,

तुझा शपथेचा कागद १८ तारखेला दुपारी पोचला. मी दार लावून तो वाचला. 'उत्तरांच्या खुणा मी, सार्जंट आमोस मोझली, याने स्वतः केल्या. माझा भाऊ हायरम त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.'

लहानपणी मी फोडलेल्या काचेसाठी तू मार खाल्लास हे आई अजून सांगते, पण तेव्हासुद्धा तू 'काच मी फोडली' असं खोटं म्हणाला नव्हतास. नुसता गप्प राहिला होतास. आयुष्यात पहिल्यांदा तू धडधडीत खोटं लिहिलंस आणि तेही शपथेवर. चर्चला का जात नव्हतास ते मला तेव्हा कळलं: शपथेवर खोटं बोलायचं तू आधीच ठरवलं होतंस.

तो कागद खिशात घालून मी पर्सेलकडे गेलो. खोक्याचं दार अर्धं उघडून बाहेर पहारेकरी उभा होता. आत जाऊन मी पर्सेलला सगळं समजावून सांगितलं. दादाचा कागद आहे, चौकशीत तो मी पुढे ठेवीन, तू फक्त मान डोलव. तो पालथ्या बादलीवर बसून ऐकत होता. बारीक झालाय.

मग म्हणाला, "झालं मास्तर तुझं? आता माझं ऐक. त्या खोलीत तू माझा कागद ओढलास तेव्हा मला विचारलंस का?"

मी म्हणालो, नाही.

"पास केलंस तेव्हा विचारलं नाहीस, आता नापास करायला निघालास तेव्हाही विचारत नाहीस. मी काय तुझा फळा आहे? हवं ते लिहायचं आणि पुसायचं?"

मी खिशातल्या कागदावरचा हात काढला.

"पाच आठवडे रोज तुझ्या वर्गात बसलो," तो म्हणाला. "अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी चालतात. तुला सांगायला गेलो की तू भाषण द्यायचास. सगळे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचो. मला वाटायचं, एवढा मोठा माणूस आपल्यासाठी घसा फोडतोय, त्याला कसं सांगायचं की मला नाही जमत."

मी खाली बसलो, त्याच्या पायाशी, जमिनीवर. आणि विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारला. पर्सेल, तुला काय हवंय?

तो म्हणाला, "घरी जाऊन अर्लीनला सांगू काय? नापास झालो म्हणून जिवंत आलो?"

"ते तू ठरव."

"तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी तर खुर्ची घेतली," मी म्हणालो. तो हसला. बरं वाटण्यासारखं हसणं नव्हतं ते.

परवा चौकशी झाली. मेजर, एक लेफ्टनंट, कॅप्टन हॉलिस्टर, कोपऱ्यात लिहून घ्यायला मी. टेबलावर ती पाटी. कॅप्टनने आपलं सांगितलं, की पोराचं डोकं भडकलेलं होतं, पोराने पाटी वाचल्याचं स्वतः कबूल केलंय. पर्सेल तेवीस वर्षांचा आहे, दोन-अडीच महिन्यांत बाप होईल, पण कॅप्टनच्या तोंडात तो पोरच. मेजरने पाटी पर्सेलपुढे धरली आणि विचारलं, यावर काय लिहिलंय?

पर्सेलने पाटीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. ताठ उभा राहून म्हणाला, "मला वाचता येत नाही, साहेब. एक अक्षरसुद्धा नाही. आधी खोटं बोललो, कारण लाज वाटली."

लेफ्टनंट हसला. दादा, मी मोठमोठ्या सभांतून बोललोय, पण एवढं उंच वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही.

मेजरने फाइल उघडली. वाचता येत नाही, मग शंभरात एकेचाळीस कसे आले? माझं नाव पर्सेल घेणार नव्हता. तुझा कागद माझ्या खिशात होता. तो काढला असता तर मी खुर्चीत राहिलो असतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ते एकेचाळीस माझे आहेत. त्यापुढे मला भाषण करायचं होतं, सगळं तयार होतं, आईपासून प्रेंटिसपर्यंत. केलं नाही. तो दिवस पर्सेलचा होता.

निकाल तासाभरात आला. पर्सेलवरचा आरोप मागे घेतला. त्याला 'सैन्यास अपात्र' असा शेरा मारून घरी पाठवताहेत. त्या शेऱ्यावर त्याला पुढे कसलीही सरकारी सवलत मिळणार नाही. प्रेंटिसच्या दाखल्यावर मात्र 'सैन्यास अपात्र, प्रकृती उत्तम' असं कुणी लिहिणार नाही. मला तुरुंग झाला नाही. माणसं कमी आहेत, तुरुंगात घालणं परवडत नाही. माझा हुद्दा काढून घेतला. कॅप्टन म्हणाला, "एवढं बोलता येतं ना तुला? मग पुढे चाल." उद्यापासून पर्सेलच्या तुकडीत पर्सेलची जागा माझी. तो तक्ता मी आजच टाइप केला, माझ्या हातचा शेवटचा.

तुझा शपथेचा कागद मी फाडला. तुझ्या पट्ट्या शाबूत आहेत. त्या तू ठेव किंवा टाक, मी आता सांगणार नाही. आईला एवढंच सांग, की मला खुर्चीवरून उठवलं. का ते तुला जमेल तेव्हा सांग.

एक काम आहे. पर्सेल २ नोव्हेंबरला दुपारच्या बसने गावात उतरेल. थांब्यावर ल्यूअलनची माणसं कापसाच्या गाड्या भरत असतात, आणि बातमी त्याच्याआधी पोचलेली असेल. ती हसतील. तू गणवेश घालून जा. सगळ्यांच्या देखत त्याला कडक सलाम ठोक. सार्जंटने अपात्र शिपायाला सलाम ठोकायचा नसतो, हे मला माहीत आहे. त्याच्या हातात तो शेऱ्याचा कागद असेल. त्यावर काय लिहिलंय ते त्याला कुणीही वाचून दाखवलेलं नाही. मी दाखवतो म्हणालो, तर तो म्हणाला, घरी जाऊन बघू.

तू वाचून दाखव. पण आधी त्याला विचार. नको म्हणाला, तर घडी करून त्याच्या हातात परत दे.

हायरम